परत मागितलेल्या सीडी

मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात गणित शिकवत होते, आणि शिकवताना माझे तोंड बहुतेक वेळ फळ्याकडे असे. प्रमेय सिद्ध करून झाले की मागे वळून ‘समजले का’ एवढे विचारायचे आणि उत्तर येण्यापूर्वीच पुन्हा फळ्याकडे वळायचे, अशी माझी पद्धत. स्नेहसंमेलनात चार शब्द बोलायला सांगितले जाईल अशी कुणकुण लागली, की मी त्या दिवसाची किरकोळ रजा टाकून मोकळी होत असे.

चाळिशी ओलांडल्यावर मी संगणकाची भाषा शिकायला घेतली, तीही अशीच, कुणाला न सांगता. जिल्हा नवा होता आणि महाविद्यालयातली संगणकाची खोलीही नवी होती. तिच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत, आणि आतल्या यंत्रांवर उशीच्या अभ्र्यांसारखी फुलाफुलांची आवरणे घातलेली असत. ती आवरणे काढण्याचा अधिकार नेमका कोणाला होता हे मला अखेरपर्यंत समजले नाही. म्हणून मी स्वतःचाच संगणक घेतला. तो ज्यांनी जोडून दिला त्यांना सगळा बाजार भाई म्हणत असे, आणि मीही तेच म्हणत आले.

भाईंच्या दुकानात त्यांच्या वडिलांच्या काळी रेडिओ दुरुस्त होत. भाईंच्या हाती आल्यावर तिथे आधी कॅसेटी भरून मिळू लागल्या आणि मग सीडी. त्या दुकानात खरेदी केल्यासारखे वाटत नसे, पाहुणचार झाल्यासारखे वाटे. माउस घ्यायला जावे तर सोबत एक जास्तीची वायर, पडदा पुसायचे फडके आणि चहा मिळत असे. एकदा माझे यंत्र अचानक बंद पडले, तेव्हा भाईंनी त्यातले सारे काही वाचवले, आणि पुन्हा असा प्रसंग आला तर असावी म्हणून त्या सगळ्याची एक प्रत दुकानातल्या यंत्रावर जपून ठेवली. मला ते त्यांनी जाता जाता सांगितले होते. मी आभार मानले आणि विसरून गेले.

मला संगणकावरचा एक खेळ बनवायचा होता, आणि तो कालव्याचा होता. माझे बालपण सिद्धेश्वर धरणाच्या वसाहतीत गेले. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कोणत्या शेताला किती वेळ पाणी, ते पाटकरी ठरल्याप्रमाणे सोडतो आणि ठरल्याप्रमाणे बंद करतो. काम सांगायला इतके सोपे. पण शेवटच्या टोकाच्या गावापर्यंत पाणी पोहोचवताना मधल्या प्रत्येक गावाची समजूत काढावी लागते. माझ्या खेळात खेळणारा हा पाटकरी असे. धरणातून पाणी सुटायचे, आणि वाटेत कोणी पाट फोडेल, कोणी पाहुण्याची ओळख सांगेल, कोणी नुसताच रडेल, त्यांतून मार्ग काढत टोकाच्या गावाचे पीक वाळण्याआधी तिथवर पाणी न्यायचे. न्यायला जमले नाही तर हरलात.

असा खेळ अगदी पायापासून रचायचा म्हणजे माझ्यासारखीला उरलेला जन्म पुरला नसता. पडद्यावर चित्र कसे हलावे, कळ दाबली की काय घडावे, आवाज केव्हा निघावा, हे सगळे सांभाळणारी तयार यंत्रणा मिळते. तिला इंजिन म्हणतात. एकाने इंजिन बनवावे आणि दुसऱ्याने त्यावर आपल्या सोयीचा टेम्पो बांधावा, तसा हा प्रकार. परदेशातल्या एका लहानशा कंपनीचे इंजिन मला परवडण्यासारखे वाटले, आणि पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने ते तिच्या कार्डावरून मला घेऊन दिले. हे ऐकून भाई मनापासून हसले. “मॅडम, ही चीज विकत घेणाऱ्या जिल्ह्यात तुमीच पहिल्या.” त्यांच्या दुकानातली गाणी आणि प्रोग्रॅम सगळे नकलून घेतलेले असत, आणि त्यात लपवण्यासारखे काही आहे असे तेव्हा आमच्याकडे कुणालाच वाटत नसे.

इंजिनासोबत परवाना आला. तो मी छापून घेतला आणि शब्दकोश शेजारी ठेवून, एखादे कठीण प्रकरण वाचावे तसा वाचला. त्याचा सारांश असा होता, की मी बनवलेला पुरा झालेला खेळ मी कोणालाही द्यावा, फुकट द्यावा किंवा विकावा, त्यांची हरकत नाही. खेळ सुरू होताना त्यांचे चिन्ह मात्र काही क्षण दिसले पाहिजे. आणि स्वतः इंजिन, किंवा त्यासोबत आलेला चित्रांचा व आवाजांचा संग्रह, मी दुसऱ्या कोणालाही सुटा देऊ नये. दिल्यास परवाना संपला, आणि परवाना संपला की त्यावर बनवलेला खेळही वाटता येणार नाही. मला तो करार आवडला. त्यात न कळण्यासारखे काही नव्हते, आणि तो पाळण्यासाठी कुणाशी बोलावेही लागणार नव्हते.

खेळ दोन-अडीच वर्षांत माझ्या यंत्रावर पुरा झाला. पण आपल्या यंत्रावर चालणारा खेळ म्हणजे आपल्या घरात झोपणारे मूल. ते पाहुण्याच्या घरी झोपेल का, हे तिथे नेल्याशिवाय कळत नाही. मी भाईंच्या दुकानात नेले, तेव्हा पहिल्याच पडद्यावर माझी सगळी मराठी वाक्ये आकडे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उमटली. मराठी अक्षरांचा संच माझ्या यंत्रात बसवलेला होता, तसा तो दुकानातल्या यंत्रात नव्हता. तो सोबत वाटावा, तर तोही दुसऱ्याच्या मालकीचा. शेवटी मी प्रत्येक वाक्य हाताने लिहिले, त्याचे चित्र करून घेतले आणि शब्दांच्या जागी ती चित्रे बसवली. संपूर्ण उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. वीज पहाटे असे, दुपारी नसे. त्यामुळे मीही पहाटेचीच झाले.

मग बांधणी. बांधणी म्हणजे खेळाचे शंभर सुटे तुकडे आणि इंजिनाचा चालण्यापुरता भाग एकत्र करून एकच बंद पेटी तयार करणे. ती उघडून आतले काही काढता येत नाही. नुसती चालवता येते. परवान्याला हवी होती तीच ही बंद पेटी. ती तयार झाली तेव्हा मी वडिलांना हिंगोलीला बोलावून घेतले आणि खेळायला बसवले. ते हरले. टोकाच्या गावाची ज्वारी वाळली, आणि पडद्यावर माझ्याच अक्षरात ‘पाणी पोहोचले नाही’ असे उमटले. वडिलांनी चष्मा काढला.

“हे मधलं गाव हरामखोर हाय,” ते म्हणाले. “बराबर दाखवलंस बाई तू.”

पुढच्या डावाला त्यांनी मधल्या गावाशी इतके कठोर वर्तन केले, की मलाच दया आली.

या खेळाची बातमी वडिलांकडूनच त्यांच्या जुन्या कालव्यावरच्या पाणी वापर संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली. शेतकऱ्यांची ही संस्था पाण्याच्या पाळ्या आपसांत ठरवत असे. तिचा वार्षिक मेळावा जवळ आला होता. अध्यक्षांचे म्हणणे असे, की पाळीचा नियम भाषणातून कुणाच्या डोक्यात जात नाही. पोरे खेळता खेळता शिकली तर बापांच्याही डोक्यात जाईल. गावागावांत शाळेला, ग्रामपंचायतीला, एखाद्या मास्तरच्या घरी आता संगणक येऊ लागला होता. मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एकेक सीडी द्यायची, असे त्यांनी ठरवले. मला काही बोलावे लागणार नाही, असे वडिलांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतले होते.

कोऱ्या सीडींचा गठ्ठा भाईंनी नांदेडहून आणला. वारंगा फाट्यावर बस चहाला थांबली तेव्हा गठ्ठा मांडीवरून खाली ठेवला नाही, हे त्यांनी मला आवर्जून सांगितले. मी त्यांना मूळ सीडी दिली आणि जशीच्या तशी उतरवा म्हणाले. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होत्या, मला रोज पर्यवेक्षणाला जावे लागे. मेळाव्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षांची जीप येऊन भरलेल्या सीडींची खोकी घेऊनही गेली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी भाई स्वतः घरी आले, एक सीडी घेऊन. वडील मुक्कामाला होतेच. आम्ही पोहे खात होतो.

“तुमची कॉपी, मॅडम. आधी उघडून तं बघा,” भाई म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर, नवी साडी आणून देणाऱ्या भावाच्या चेहऱ्यावर असते तसे हसू होते.

मी सीडी उघडली. त्यात माझा खेळ होता. त्याच्या शेजारी कव्वाल्या होत्या, भीमगीते होती, भजने होती, म्हणजे कोणत्याही घरात रुसवा राहणार नाही अशी सोय होती. आणि त्याखाली ‘गेम बनवायची मशीन’ या नावाखाली संपूर्ण इंजिन होते. चित्रे, आवाज, सगळा संग्रह. ते उघडावे म्हणून माझा परवाना क्रमांकही भाईंनी एका कागदावर टंकून शेजारी ठेवला होता. माझ्या यंत्राची जपून ठेवलेली ती प्रत त्यांना उपयोगी पडली होती.

मी हळूच विचारले, हे कसे काय आले.

“तुमचा गेम टाकला तं अर्ध्याच्या वर सीडी खाली राहून राहिली,” भाई म्हणाले. “शेतकरी माणूस, लांबून येणार. त्याच्या हातात अर्धी खाली चीज कशी द्यायची? बराबर दिसत न्हाई. म्हणून भरून दिली. पोरं बी काही बनवतील.”

शेजाऱ्याचा डबा परत करताना त्यात निदान साखरेचे चार दाणे तरी घालावेत, ही आमच्याकडची रीत. भाईंनी तीच पाळली होती. त्यात मला नाव ठेवण्यासारखे काहीच सापडेना. पण एवढ्या गावांत ही सीडी गेली की प्रत्येक बाजारातला प्रत्येक दुकानदार तिच्या प्रती काढणार. मग इंजिन परत गोळा करणे म्हणजे सोडलेले पाणी धरणात परत नेणे. माझी सही असलेला करार मोडणार, आणि कराराच्या शब्दांप्रमाणे माझा खेळही तिथेच संपणार. अडीच वर्षांच्या पहाटा संपणार. मी हे सगळे भाईंना सांगितले.

“मंग आता?” त्यांनी विचारले.

“परत मागाव्या लागतील.”

“दिलेली चीज?” भाईंनी हे अगदी हलक्या आवाजात विचारले. त्यांच्या दृष्टीने माझा करार मोडण्यापेक्षा हे जास्त अवघड होते.

अध्यक्षांच्या घरचा फोन कुणी उचलत नव्हता. सगळे मेळाव्याला गेले असणार. भाईंनी मेव्हण्याची काळी-पिवळी जीप मागून आणली. पुढे भाई आणि वडील, मागे मी एकटी. औंढा सोडल्यावर वडील म्हणाले, की तू बोलू नकोस, मीच सांगतो. मला ते ऐकून इतके हायसे वाटले, की लगेच त्याची लाजही वाटली. वडिलांना करार ठाऊक नव्हता. कुणी उलट प्रश्न विचारला असता तर ते ‘पोरगी सांगतेय ना’ एवढेच म्हणू शकले असते. मी म्हणाले, बघू.

मेळावा कालव्याकाठच्या शाळेच्या पटांगणावर होता. मंडपात शिरलो तेव्हा भाषणे संपली होती, आणि सीडी वाटूनही झाल्या होत्या. वीज गेलेली होती, म्हणून माईक बंद होता. आणि म्हणूनच शाळेतल्या संगणकावर अजून कुणी काही लावून पाहिलेले नव्हते. त्या दिवसात मला मिळालेला हा पहिला दिलासा. बाकी दृश्य असे होते, की एक गृहस्थ सीडीच्या चकचकीत बाजूत मिशा न्याहाळत होते, काही जण तिने वारा घेत होते, आणि मंडपाबाहेर एका ट्रॅक्टरच्या मागे एक सीडी सुतळीने बांधूनही झाली होती, रात्री मागच्या गाडीचा उजेड पडून चमकावी म्हणून.

अध्यक्षांना वडिलांनी बाजूला घेतले. अध्यक्ष त्यांचे ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझ्याकडे पाहत होते. मग ते उठून मोठ्याने म्हणाले, की मंडळी जरा बसा, ज्यांनी हा खेळ केला त्या मॅडम आलेल्या आहेत आणि त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. वडिलांनी माझ्याकडे अपराध्यासारखे पाहिले. त्यांनी नेमके काय सांगितले होते, मला आजही माहीत नाही.

मंडपात फळा नव्हता. मी उभी राहिले आणि म्हणाले, की तुम्हाला दिलेल्या सीडी मला परत हव्या आहेत. आवाज पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे गेला नसावा, कारण मागून कुणीतरी ‘काय म्हणून राहिल्या?’ असे विचारले, आणि पुढच्या एकाने मागे वळून त्याला सांगितले, “परत मागून राहिल्या.”

कुजबुज झाली. मिशा न्याहाळणारे गृहस्थ सीडी मांडीवर ठेवून म्हणाले, “मॅडम, माणूस जेवाया बसला अन् समोरचं ताट उचललं, असं झालं की हे. काहून परत?”

हशा पिकला. मी खुलासा करू लागले. परवाना, करार, मालकी, वितरणाचे हक्क. मी बोलत होते ते शब्द एकूण एक बरोबर होते, आणि समोरच्या चेहऱ्यांवर त्यांतला एकही उतरत नव्हता. भाई मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांचे नाव मला घ्यायचे नव्हते. मी ‘सीडी भरताना गफलत झाली’ असे म्हणाले, तेव्हा त्यांनी खांब सोडला, दोन पावले पुढे आले आणि म्हणाले, “माझ्या हातून झाली. मॅडमची काही गलती न्हाई.” आता सगळे आमच्या दोघांकडे पाहू लागले, आणि त्यांना अजूनही काहीच कळलेले नव्हते.

मला तेव्हा वडिलांच्या कमरेला असणारी किल्ली आठवली. पाटाच्या दाराला कुलूप असे आणि त्याची किल्ली पाटकऱ्याकडे. एका उन्हाळ्यात माझे सख्खे मामा एका दुपारपुरती ती मागायला आले होते. वडिलांनी त्यांना जेवू घातले, आणि किल्ली दिली नाही. मामा त्यानंतर दोन वर्षे आमच्याकडे आले नव्हते. समोर बसलेल्यांत त्या कुलपाशी झगडला नसेल असा बहुधा कोणी नव्हता.

मी पुस्तकातले शब्द सोडून दिले. मी म्हणाले, “माझं असं समजा, की मी बी टोकाची शेतकरी हाय. मला कुणीतरी पाण्याची पाळी दिली. त्या पाण्यावर मी पीक काढलं. पीक माझं, ते मी तुमाला देऊ शकते, अन् देणारच. पण दाराची किल्ली माझी न्हाई. सीडी भरताना पिकासोबत किल्ली बी गेली तुमच्या घरी. ती मला परत द्या. पीक मी पुन्ना आणून देते.”

वसाहतीतल्या शाळेत असताना मी अशी बोलत असे. नंतर ती भाषा कुठे गेली होती कोण जाणे. या वेळी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला असावा, कारण मागून पुन्हा कुणी काही विचारले नाही.

“किल्ली असंल तं द्यावीच लागते,” एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणि उठून त्यांनी आपली सीडी माझ्या हातात दिली.

मिशावाल्यांनी उसासा टाकला. “जल्माला येऊन एकदा किल्ली हातात आली होती,” ते वडिलांकडे पाहत म्हणाले, “अन् पाटकऱ्याच्याच पोरीनं नेली.”

मंडप मोठ्याने हसला, वडीलही हसले, आणि लोक उठून रांगेने येऊ लागले. शाळेच्या पाण्याच्या हंड्याशेजारी एक घमेले होते, त्यात सीडी जमू लागल्या. बदल्यात नवी मिळेल ना, एवढेच बहुतेक जण विचारत होते. कुणी म्हणाले, गाणी राहू द्या. ट्रॅक्टरची सीडी सोडताना मालकाने सुतळी मात्र आपल्याकडे ठेवली. भाई घमेल्याशेजारी उकिडवे बसून प्रत्येक सीडी फडक्याने पुसत होते. आता पुसून काय उपयोग, हे त्यांना सांगण्याचे मला धैर्य झाले नाही.

परतताना मी खूप बोलत होते. औंढ्याच्या पुढे कुठेतरी वडील म्हणाले, की पोरी, जरा श्वास घे.

पण दुकानात नेऊन मोजल्या तेव्हा एक सीडी कमी भरली. भाईंनी पुन्हा मोजल्या, जीपच्या सीटखाली पाहिले. एकच. अध्यक्षांनी निरोप पाठवला, की एकीने काय होते, नव्या द्या पाठवून. मला ते पटत होते. आणि रात्री झोप मात्र लागत नव्हती, कारण एक सीडी आणि शंभर सीडी यांत प्रती काढणाऱ्याच्या दृष्टीने काही फरक नसतो. नव्या सीडी भाईंनी माझ्यासमोर भरल्या. अर्धी जागा रिकामी ठेवताना त्यांचा जीव किती वरखाली होत होता, ते मला दिसत होते. खोकी बांधून दुकानात ठेवली. ती एक येईपर्यंत एकही बाहेर द्यायची नाही, असे मी ठरवले आणि भाईंनी मान्य केले. अध्यक्ष दर आठवड्याला विचारत, आणि मी दर वेळी चाचरत तेच सांगत असे. मनातून मला वाटू लागले होते, की खोकी आता तिथेच राहणार.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी भाईंचा फोन आला, की जमेल तसे दुकानात या. मी गेले. बाकावर एक उतारवयाच्या बाई बसल्या होत्या. हातात बशी होती, चहा फुंकून पीत होत्या. मांडीवर फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते.

“ह्याच का मॅडम?” त्यांनी भाईंना विचारले, आणि फडके सोडून सीडी माझ्यापुढे धरली. “आमचे मालक मिटिंगीला आले व्हते. तुमी परत मागायच्या आदीच उठले, त्यायला गाडी धरायची व्हती. मागून कळलं. पण लगेच ऊसतोडीला जावं लागलं. जाताना म्हणले, ती चकती तेवढी नेऊन दे, किल्ली हाय म्हणत्यात तिच्यात.”

मी विचारले, गावात कुणाला दाखवली का, कुणाकडे संगणकात घालून पाहिली का.

“कशाला? आमच्यात टीव्ही बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “देवळीत ठेवली व्हती. लेकरं हात लावतेत म्हणून वर पाटी झाकली.”

भाईंनी सीडी उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. मी बाईंशेजारी बाकावर बसले. बाई लांबून, दोन बस बदलून आल्या होत्या. त्यांचे गाव कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला होते.

भाईंनी एक खोके उघडले आणि नवी सीडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली. मग मला विचारले, “काय हाय ह्याच्यात?”

मी सांगण्याऐवजी दुकानातल्या यंत्रावर खेळ लावला. इंजिनाचे चिन्ह आले आणि गेले. धरण दिसले, पाणी सुटले. बाई खुर्चीवर बसायला तयार नव्हत्या. पदर सावरून उभ्याउभ्याच पाहत होत्या.

“आमच्यापतुर येतंय का पाणी?”

“येतं. पण आणावं लागतं,” मी म्हणाले.

“मंग आणा की.”

मी आणू लागले. मधल्या गावाने पाट फोडला, तो बुजवला. एकाने ओळख सांगितली, त्याला परत पाठवले. भाई गिऱ्हाईक सोडून मागे येऊन उभे राहिले. पाणी टोकाच्या वावरात शिरले तेव्हा बाईंनी कुणालाही उद्देशून नव्हे, असे ‘आलं’ म्हटले. मग त्यांनी बशी बाकाखाली सरकवली, सीडी फडक्यात बांधली आणि चारची बस कुठे लागते ते विचारले. भाई त्यांना स्थानकापर्यंत सोडायला गेले.

ते परत आल्यावर आम्ही अध्यक्षांना फोन लावला. जीप संध्याकाळी आली आणि खोकी चढली. शेवटचे खोके उचलताना ड्रायव्हर म्हणाला, की हलके आहे हो. भाईंनी माझ्याकडे पाहिले. घरी पोहोचल्यावर लक्षात आले, की मला सपाटून भूक लागली आहे. स्वयंपाक व्हायला अवकाश होता. मी सकाळची भाकरी तव्यावर गरम केली, तिच्यावर तेल आणि तिखट घेतले, आणि ओट्याशी उभी राहूनच जेवले.